पहिल्या भावाची बाधा

शेठजींनी मला चोर म्हटलं तेव्हा माझ्या तोंडात आलूबोंडा होता. चांगलाच गरम. त्यामुळे गिळता येईना, थुंकता येईना आणि बोलता तर मुळीच येईना. अकोल्याच्या आमच्या जिनिंगच्या ऑफिसात दुपारचा चहा चालू होता, बाहेर कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांची घरघर चालली होती, आणि शेठजी नेहमीच्याच आवाजात, जणू पावसापाण्याचं विचारावं तसं, म्हणाले,

"काहून रे मनोहर, रामगोपालजी तुले गाडीमागे काय देऊन राहिला?"

रामगोपालजी म्हणजे अकोल्याच्या कापूस बाजारातले सर्वांत जुने खरेदीदार. ते दुसऱ्या जिनिंगसाठी माल घेत, मी आमच्या शेठजींसाठी. म्हणजे रोज सकाळी आम्ही एकमेकांच्या विरोधात बोली बोलत असू. त्यांनी मला काही द्यावं म्हणजे मी शेठजींना विकून खाल्लं, असा त्याचा सरळ अर्थ. मी कसाबसा घास गिळला. जीभ भाजली ती चार दिवस बरी झाली नाही.

शेठजींनी गल्ल्याखालून खरेदीच्या चिठ्ठ्या काढल्या आणि गादीवर दोन रांगांत मांडल्या. एक रांग अमरावतीची, कारण त्याआधीचे चार हंगाम मी अमरावतीच्या बाजारात त्यांच्यासाठी खरेदी केली होती. दुसरी अकोल्याची, त्या वर्षीची.

"हे पाय. अमरावतीले पहिला भाव रोज वरचा फुटे, तुह्या साऱ्या बोल्या त्याच्या आसपास. अकोल्याले रामगोपालजी खालचा भाव फोडते, तुह्या साऱ्या बोल्या त्याच्या आसपास. तिथं तू राजा कर्ण, इथं मक्खीचूस. मानूस तोच, माल तोच. बरं, चांगल्या गाड्या हातच्या सुटून राहिल्या त्या येगळ्याच. आता तूच सांग, म्या काय समजाचं?"

मी चिठ्ठ्या उचलून पाहिल्या. शेठजी खोटं बोलत नव्हते. अक्षर माझं, आकडे माझे. आणि त्या आकड्यांकडे बघून कोणीही शहाण्या माणसानं मला चोरच म्हटलं असतं. मी स्वतःही म्हटलं असतं. पण मी एक पैसा घेतला नव्हता!

आता ज्यांनी कापसाचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पहाटेपासून बाजाराच्या आवारात कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या राहत. बैल सोडलेले, जू जमिनीवर टेकलेलं, आणि वर कापसाचा डोंगर. नऊच्या सुमाराला आम्ही खरेदीदार जमायचो. पहिल्या गाडीवर अडत्या, म्हणजे शेतकऱ्याच्या वतीनं माल विकून देणारा दलाल, चढायचा आणि ओरडायचा. त्या गाडीला जो पहिला आकडा बोलला जाई त्याला 'भाव फुटला' म्हणत. रीत अशी की पहिला आकडा बाजारातल्या सर्वांत वडीलधाऱ्या खरेदीदारानं बोलायचा. बाकीच्यांनी तोपर्यंत गप्प राहायचं. तो मान होता, आणि मान कोणी मोडत नसे. भाव फुटला की मग रांगेतल्या एकेका गाडीवर बोली चाले.

खरेदीदाराचं सगळं भांडवल म्हणजे त्याची नजर आणि बोटं. गाडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस ओढायचा. चिमटीत धरून तंतू ताणायचा, किती लांब ते बघायचं. कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, किती ते बघायचं. सरकी दाताखाली फोडायची. कट्कन वाजली तर माल कोरडा, दबली तर ओला. हे सगळं मोजून अर्ध्या मिनिटात मनाशी आकडा ठरवायचा आणि बोलायचा. मी त्या कामात बरा होतो असं नव्हे, मी त्यात फार चांगला होतो. अमरावतीला लोक मला 'पारखी' म्हणत आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करत असे, पण घरी गेल्यावर बायकोला न चुकता सांगत असे.

म्हणून त्या दुपारी मी शेठजींना म्हणालो, "माझी परीक्षा घ्या. माझ्या नजरेत आणि इमानात खोट निघाली तर उद्यापासून येत नाही."

बोलून तर गेलो. घरी दोन पोरी, भाड्याची खोली, आणि बाजार असा की एकदा चोर म्हणून नाव झालं की अकोला सोडा, वऱ्हाडातल्या कुठल्याच जिनिंगच्या फाटकात कोणी उभं केलं नसतं. शेठजींनी चिठ्ठ्या गोळा केल्या. मग म्हणाले, "ठीक हाय. उद्या बाजारातून आल्यावर."

दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून आलो. शेठजी मला जिनिंगच्या मागच्या आवारात घेऊन गेले. तिथं कापसाचा एक ढीग होता. चालता चालता ते सहज म्हणाले, "अमरावतीहून तार आली. आज तिथं लय वर फुटला," आणि आकडाही सांगितला. मी मान डोलावली. मग ढिगात हात घातला. कापूस ओढला, ताणला, सरकी फोडली. माल सुरेख होता. लांब, रेशमासारखा तंतू. मी आकडा बोललो. शेठजींनी तो कागदावर लिहिला.

मग त्यांनी मला ऑफिसात नेऊन चहा पाजला. त्या दिवशी आलूबोंडा नव्हता.

अर्ध्या तासानं आम्ही शेडच्या दुसऱ्या बाजूला गेलो. तिथं दुसरा ढीग. शेठजी म्हणाले, "याले रामगोपालजीनं भाव देल्ला होता," आणि त्यांनी खालचा आकडा सांगितला. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. झालोही! मनाशी म्हटलं, रामगोपालजी काहीही बोलोत, आपण आपल्या बोटांनी बघायचं. पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ लावला. उकिडवा बसून बघितलं. आणि पहिल्या ढिगापेक्षा पुरते पाच रुपये कमी बोललो.

"कमी काहून?" शेठजींनी विचारलं.

"कवडी जास्त आहे. तंतू आखूड वाटतो. सरकीही जरा दबते," मी खात्रीनं सांगितलं.

शेठजींनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि मग म्हणाले, "मनोहर, दोनी ढीग एकाच गाडीचे होय. म्या सोताच्या समोर अर्धे अर्धे करवले."

मला ते वाक्य समजलंच नाही. शब्द कळले, अर्थ आत जाईना. मी परत खाली बसलो आणि ढिगातून कवडी शोधू लागलो. मघाशी पाहिली होती ना! याच डोळ्यांनी पाहिली होती. मी एक एक बोंड उलटून पाहत होतो आणि पिवळा ठिपका सापडत नव्हता. सरक्या फोडत गेलो, एकामागून एक, सगळ्या कट्कट् वाजल्या. तंतू ताणला तर तोच, लांब, रेशमासारखा. मी किती वेळ तिथं होतो माहीत नाही. शेठजींनी दंडाला धरून उठवलं तेव्हा माझ्या धोतरावर सरकीच्या टरफलांचा सडा पडला होता.

भाव चुकला असता तर मी सोसलं असतं. भाव चुकतात. पण मी नसलेली कवडी पाहिली होती. कोणीतरी कानात एक आकडा सोडला आणि माझ्या डोळ्यांनी त्या आकड्याला साजेसा कापूस मला दाखवला. शपथेवर सांगतो, आईबाप गेले तेव्हाही मी असा हादरलो नव्हतो.

शेठजींना मात्र बरं वाटलं. "चल, चोर नाई तू," ते म्हणाले आणि पाठीवर थाप मारून हसले. "चोराले माहीत रायते आपन काय करून राह्यलो ते. तुले तर काईच माहीत नाई!"

मी चोर नाही हे सिद्ध झालं, आणि मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

जाता जाता मी विचारलं, "गाडी कोणाची होती?"

"तेल्हाऱ्याकडल्या पुंजाजीची. तूच तं परवा घेतली."

घेतली होती. आठवली. पुंजाजी म्हणजे तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यातला शेतकरी. दीक्षा घेऊन त्या लोकांना तीन-चार वर्षं झाली होती. त्यानं गाडीवरून 'जय भीम' केला, मी 'नमस्कार' म्हणालो, हात घातला आणि रामगोपालजींच्या आकड्यालगतच बोललो. कोणी वर गेलं नाही. पुंजाजी म्हणाला होता, "भाऊ, जरा पाहा नं नीट. माल चांगला हाय." त्यावर मी, चार लोकांत, पारख्याच्या थाटात सांगितलं होतं की "माल हलका आहे, पुंजाजी. याला इतकाच." ते मी इतकं सहज म्हणालो याला फक्त रामगोपालजींचा आकडा कारण होता की आणखी काही, हे मी स्वतःला पुढे पुष्कळ वेळा विचारलं. उत्तर मी नक्की देऊ शकत नाही आणि न देता मला मोकळंही होता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी थेट रामगोपालजींकडे गेलो. ते मोठे सभ्य गृहस्थ. पांढरी पगडी, कपाळाला गंध. मी विचारलं, "तुम्ही रोज पहिला आकडा बोलता तो कशावरून ठरवता?"

ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "आता तुझ्यापासून काय लपवाचं? कालचा जो भाव असन, त्यातून दोन-चार आने कमी करून बोलतो. मंग तुमच्याकडे पायतो. तुमी कोनी काई म्हनत नाई, तं मले वाटते बरोबरच असन."

म्हणजे आम्ही त्यांच्याकडे बघत होतो आणि ते आमच्याकडे! आणि त्या दोन नजरांच्या मधे शेकडो गाड्या कापूस, ज्याच्याकडे कोणीच पाहत नव्हतं. शिवाय त्यांच्याकडून माल घेणाऱ्या गिरण्यांना जाडा कापूस चाले, आमच्या गिरण्यांना बारीक तंतू लागे. त्यांचा आकडा त्यांच्या कामाला ठीकही असेल. मी तो माझ्या डोक्यात कशाला घेऊन फिरत होतो?

त्या दिवसापासून मी एक पद्धत धरली. ती सांगायला सोपी, पाळायला महाकठीण. भाव फुटायच्या आधी, सातलाच बाजारात जायचं. रांगेतल्या गाड्या एकट्यानं पाहायच्या आणि प्रत्येकीचा आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात टाकायचा. भाव फुटल्यावर आकडा बदलावासा वाटला तर स्वतःला विचारायचं, की कापसात नवीन काय दिसलं? काही नवीन दिसलं असेल तर बदल. नुसतं ऐकलं असेल तर बदलायचं नाही.

पहिले आठ दिवस माझी फजिती झाली. चिठ्ठीवरचे आकडे भाव फुटायच्या आधीच रामगोपालजींसारखे येऊ लागले. कारण उघड होतं. कालचा भाव रात्रभर माझ्या डोक्यात मुक्कामाला होता. मग मी दुसरी युक्ती केली. गाडी पाहताना आधी आकडा मनात आणायचाच नाही. तंतू किती, कवडी किती, सरकी काढल्यावर रुई किती उतरेल, एवढंच लिहायचं. आमच्या गिऱ्हाईकाला तसला माल काय कामाचा, हे त्यावरून काढायचं आणि आकडा सर्वांत शेवटी. शिवाय रोज सायंकाळी जिनिंगमध्ये जाऊन त्या गाड्यांची रुई प्रत्यक्ष किती उतरली ते माझ्या अंदाजाशेजारी शेडच्या भिंतीवर कोळशानं लिहायचं. त्या भिंतीनं माझी जी लाज काढली ती कुठल्या मास्तरानंही शाळेत काढली नसेल. हमाल लोक येता-जाता वाचत आणि म्हणत, "भाऊ आज बी नापास!"

पण हळूहळू नापास होणं कमी झालं. एका सकाळी मी रामगोपालजींच्या आकड्यापेक्षा पुरते सहा रुपये वर बोललो. अडत्या गाडीवरून म्हणाला, "भाऊ, तब्येत बरी हाय नं?" सगळे हसले. मी खिशातली चिठ्ठी घट्ट धरून उभा होतो. वीस माणसं एक म्हणत असताना दुसरं म्हणणं किती जड जातं, ते मला तेव्हा कळलं. संध्याकाळी रुई पाहून शेठजींनी स्वतः आलूबोंडे मागवले.

तो हंगाम संपला तेव्हा माझं नाव पुन्हा झालं होतं, पहिल्यापेक्षा मोठं. मी मात्र एकाच गाडीची वाट पाहत होतो. पुंजाजीनं पुन्हा यावं, मी त्याचा माल नीट पाहावा आणि सगळ्या बाजारासमोर त्याला त्याचा खरा भाव द्यावा, असं मी ठरवून ठेवलं होतं. त्या हंगामात तो आला नाही. मला चैन नव्हतं.

पुढच्या हंगामात, दिवाळी होऊन गेल्यावर, सात वाजता रांग पाहत असताना ती गाडी दिसली. पुंजाजी बैलांना कडबा टाकत होता. त्याची बायको गोदाबाई जुवावर बसून भाकर खात होती. मला बघून पुंजाजीचा चेहरा उजळला. मी आज स्वतःच आधी 'जय भीम' म्हणालो आणि मोठ्या उमेदीनं गाडीत हात घातला.

हात आतच राहिला. आखूड, जाडा, खरबरीत तंतू. मी दुसरीकडे हात घातला, तिसरीकडे घातला. मला वाटलं, पुन्हा तीच बाधा झाली. डोळे मिटून घेतले आणि नुसत्या बोटांनी पाहिलं. ही बाधा नव्हती. माल खरोखरच हलका होता.

"पुंजाजी, हा कापूस तुमचाच ना?" मी विचारलं. "मागच्या खेपेसारखा नाही हा."

"नाई जी. तो बदलला नं आमी."

"बदलला? का?"

उत्तर गोदाबाईनं दिलं. भाकर बाजूला ठेवून, पदर सावरून, अगदी अदबीनं. "तुमीच सांगतलं होतं नं भाऊ, माल हलका हाय म्हनून. माह्या सासूनं देल्लं होतं ते बियानं. दर सालाले चांगल्या झाडाचे बोंडं म्या सोता येचून ठेवो, घरीच रेच्यावर काढो. पन यायनं घरी येऊन सांगतलं, अकोल्याच्या पारख्यानं साऱ्याईसमोर हलका म्हटला. मंग ठेवून काय कराचं? सारी सरकी बैलाले चारली. आन् दुकानातून हे नवं बियानं आनलं."

माझ्या कानात रेच्यांसारखी घरघर सुरू झाली. "सगळी?" मी विचारलं.

"सारी. मूठभर बी नाई ठेवली."

"गावात दुसऱ्या कोणाकडे असेल?"

"आमच्यापाशीच होतं जी ते."

मी गाडीचा दांडा धरून उभा राहिलो. मग सगळं सांगितलं. लपवलं नाही. तुमचा माल हलका नव्हता, मी पाहिलेल्या मालात तो एक नंबर होता, मी चुकलो, कानानं ऐकलं आणि तोंडानं बोललो, कापूस पाहिलाच नाही. परीक्षेचं सांगितलं, दोन ढिगांचं सांगितलं. शेजारचे गाडीवान वळून बघू लागले होते.

पुंजाजी खाली मान घालून कडबा सारखा करत राहिला. गोदाबाईनं मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ती हसली. समजूत घालणारं हसू होतं ते.

"ऱ्हाऊ द्या भाऊ. आमचं मन राखाले म्हनून राहिले तुमी आता. हलकाच होता तो. तवाच आमाले दिसला नाई, तुमी सांगतल्यावर दिसला. मंग म्या बी पाह्यला, कवडी होती त्याच्यात."

"नव्हती हो बाई," मी म्हणालो. "एकही नव्हती."

"होती जी. म्या माह्या डोयानं पाह्यली," गोदाबाई म्हणाली आणि तिनं माझ्यापुढे अर्धी भाकर केली.

नऊ वाजता भाव फुटला. रामगोपालजी आकडा बोलले आणि मी खिशातली चिठ्ठी काढून पाहिली. पुंजाजीच्या गाडीसाठी मी लिहिलेला आकडा आणि त्यांचा आकडा एकच होता.